टाचेखालचा हात

"चाळीसपैकी अकरा," गाडीत बसता बसता मेट्रनबाई म्हणाल्या, "आणि तेसुद्धा हात सैल सोडून दिलेत."

मुलगा वॉकर मिटून डिकीत ठेवत होता. त्याने नुसता उसासा सोडला. सून मागच्या सीटवर सरकून बसली आणि म्हणाली, "पण आई, दारातलं कारंजं काय सुरेख होतं हो!"

"मला काय कारंज्यात झोपवणार आहेस?"

सुनेची बोलती बंद. तशी ती बंद व्हायची आणि दोन मिनिटांत पुन्हा सुरू व्हायची. सासू-सुनेचं सोळा वर्षं हेच चाललं होतं, आणि दोघींनाही त्याशिवाय करमत नव्हतं. आताही गाडी वळणावर आली तशी सून म्हणालीच, "आमच्या शाळेत गणिताच्या पेपरालासुद्धा ग्रेस मार्क असतात, आई. काठावरच्या पोराला जरा वर ओढायला."

"तुमच्या शाळेत असतील. माझ्याकडे नसतात."

आता मेट्रनबाई म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं. मोठ्या सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अठरा मेट्रन म्हणून. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी पद काही त्यांना सोडून गेलं नाही. शेजारी मेट्रनबाई म्हणत, दूधवाला मेट्रनबाई म्हणे, एवढंच काय, लग्नाच्या बैठकीत व्याह्यांनीही "मेट्रनबाई, चहा घ्या" म्हणूनच सुरुवात केली होती. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांच्या चपलांचा आवाज कॉरिडॉरमध्ये आला की तरणे डॉक्टरसुद्धा शर्टाची बटणं चाचपायचे.

पण बाईंचा खरा अभिमान बटणांचा नव्हता. चौतीस वर्षांत त्यांच्या वॉर्डात एकाही पेशंटला बेडसोर झाला नव्हता. पडून पडून अंगाचा भार एकाच जागी येतो, कातडी लाल होते, मग काळी पडते आणि उकलते, ती जखम. एकदा झाली की महिनोन् महिने हटत नाही. "बाहेरून घेऊन आलेले माझ्याकडे बरे होऊन गेलेत," त्या छाती पुढे काढून सांगायच्या, "पण माझ्या वॉर्डात झालेला? एक दाखवा. त्या दिवसापासून मला मेट्रन म्हणू नका."

अशी ही बाई तीन महिन्यांपूर्वी घराच्या न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन झालं, सहा आठवडे बिछान्यात गेले, आता वॉकर धरून घरातल्या घरात चालायच्या आणि बाहेर चाकाच्या खुर्चीतून जायच्या. मुलगा छापखान्यात प्रूफं तपासायचा, सून शाळेत गणित शिकवायची. दोघंही सकाळी बाहेर पडली की संध्याकाळी घरी. तेव्हा बाईंनीच एक दिवस जाहीर केलं, "मी म्हाताऱ्यांच्या होममध्ये राहायला जाते."

मुलगा हबकलाच. "आई, अगं लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, या तुम्ही दिवसभर माझ्याजवळ बसायला. पुन्हा पडले तर तुम्ही येईपर्यंत फरशी मोजत पडू का मी?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "तू टाकतोयस असं नाही रे. मी जातेय. यात फरक आहे. पण एक अट. होम मी निवडणार. परीक्षा मी घेणार."

सुनेची रजा रविवारी संपत होती. त्यामुळे शनिवारच्या आत निकाल लागायला हवा होता.

परीक्षा साधी होती. चार विषय, प्रत्येकी दहा मार्क. नखं, पाणी, घंटा आणि टाच. मॅनेजर जे दाखवील ते बघायचं नाही, हा पहिला नियम. तो स्वयंपाकघर दाखवतो, टीव्ही दाखवतो, भिंतीवरची सर्टिफिकिटं दाखवतो. आपण म्हाताऱ्यांच्या हाताची नखं बघायची. नखं वाढलेली म्हणजे कोणी हात हातात घेत नाही. पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला आणि हात पोचणार नाही अशा जागी असेल, तर तो पिण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी आहे. मग हळूच खाटेजवळची, मदतीला बोलवायची घंटा दाबायची आणि कोणी येईपर्यंत मनात आकडे मोजायचे. आणि शेवटी टाच. पडून असलेल्या माणसाच्या पोटरीखाली उशी हवी, म्हणजे टाच गादीला टेकत नाही, अधांतरी राहते. बाई वाकून टाचेखालून आपला तळहात सरकवायच्या. हात सरळ आरपार गेला तर पास. अडला तर नापास. चौतीस वर्षं रोज सकाळी त्यांनी चाळीस खाटांवर हा हात फिरवला होता.

आणि आता जी गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती, ती सांगतो. खुद्द मेट्रनबाईंच्या डाव्या टाचेला बेडसोर होता.

झालं होतं असं. ऑपरेशननंतर मुलाने रजा घेतली आणि आईची सगळी सेवा स्वतः केली. बाईंनीच त्याला शिकवलं. दर दोन तासांनी गजर लावून तो उठायचा, कूस बदलायचा, पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, कोपराखाली मऊ टॉवेल. प्रूफं तपासणारा माणूस तो, सांगितलेल्यातला एक काना-मात्रा सोडला नाही त्याने. फक्त टाचेचं त्याला कोणी सांगितलंच नाही. सांगणार कोण? मेट्रनबाईच. आणि त्या विसरल्या. औषधांची गुंगी होती, वेदना होत्या, सगळं खरं, पण विसरल्या त्या विसरल्याच. पाचव्या आठवड्यात टाच हुळहुळायला लागली. बाईंनी हातआरसा पायाखाली धरून पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सुपारीएवढा काळपट डाग, आणि मधोमध उकललेली कातडी.

त्या दिवसापासून बाईंच्या पायात जाड मोजे आले. न्हाणीघराचं दार लावून, आरशात बघून, धड वाकता येत नसताना त्या स्वतःच पट्टी बांधायच्या. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी खुब्याचा फोटो बघितला आणि "झकास" म्हणाले. मोजा कोणी काढला नाही. मुलाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. सहा आठवडे त्याने जागून काढले होते, मानेला पट्टा आला होता त्याच्या. त्याला कळलं असतं तर 'माझ्या हातून झालं' म्हणून आयुष्यभर जिवाला लावून घेतलं असतं. आणि खरं बोलायचं तर लाजही होती. मेट्रनबाईंना बेडसोर! कोणत्या तोंडाने सांगायचं?

पहिल्या होममध्ये कारंजं होतं, पियानो होता, आणि खिडकीशी बसलेल्या आजोबांची नखं अशी वाढलेली की बघवेना. दुसऱ्या होममध्ये दारातच अत्तराचा भपकारा आला. बाईंनी नाक मुरडलं. "वास झाकायला वास मारलाय," त्या सुनेच्या कानात म्हणाल्या. तिथे घंटा दाबून त्यांनी दोनशे अकरापर्यंत मोजलं आणि कंटाळून सोडून दिलं. तिसऱ्या होममध्ये मात्र कागद इतके देखणे होते की बाई क्षणभर भाळल्या. प्रत्येक खाटेला चार्ट, दर दोन तासांनी कूस बदलल्याची खूण, सुबक अक्षर. मग त्यांनी चष्मा वर केला आणि घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे अकरा वाजले होते, आणि चार्टवर दुपारच्या चारची खूण आधीच झालेली होती!

"तुमच्याकडे दिवस लवकर संपतो वाटतं," बाई मॅनेजरला म्हणाल्या. तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

आणखी एक गंमत होती. प्रत्येक होममध्ये त्यांना खुर्चीतून उचलून, हात देऊन, वजनकाट्यावर उभं करून सगळं बघितलं गेलं. उकाडा मी म्हणत होता आणि बाईंच्या पायांत लोकरीचे मोजे होते. आता कोणीतरी विचारणार म्हणून दर वेळी त्या डावा पाय मागे घ्यायच्या. कोणी विचारायचं नाही. बाईंचा जीव भांड्यात पडायचा. आणि गाडीत बसल्यावर, कोणी विचारलं नाही म्हणून त्याच बाई टाचेच्या दहातले पाच मार्क कापायच्या! आता या बाईला काय म्हणायचं?

शनिवारी सकाळी चौथं होम. फाटकाचा रंग उडालेला, आत दोनमजली जुनी इमारत, कारंजं नाही की पियानो नाही. मॅनेजर बाहेर गेलेला. ऑफिसात एक कारकून मुलगी होती. भेटायच्या वेळा आणि फॉर्म वगैरे समजावायला तिने मुलाला आणि सुनेला बसवून घेतलं. बाईंची खुर्ची ढकलायला तळमजल्याच्या मावशी आल्या. रुग्णाचं अंग पुसण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं करणारी बाई म्हणजे मावशी, आणि या मावशींच्या ताब्यात तळमजल्याच्या बारा खाटा होत्या. पन्नाशीच्या, अंगाने भारी, आवाज घोगरा. ओले हात पदराला पुसत आल्या.

"चला आजी."

"आजी कोणाची? तुझी?" मेट्रनबाई फिस्कारल्या.

दुसरी कोणी असती तर ओशाळली असती. मावशी मात्र खुर्चीच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. "मग काय म्हणू तुम्हाला?"

बाई चमकल्या. तीन होम झाली होती आणि हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "बाई म्हण," त्या म्हणाल्या. मेट्रन होते, हे मात्र मुद्दामच सांगितलं नाही. परीक्षक ओळख देत नसतो.

घंटा आधी झाली. मावशी पडदा सरकवायला वळल्या तशी बाईंनी एका रिकाम्या खाटेची घंटा दाबली. नऊपर्यंत मोजलं असेल नसेल, एक मुलगी धावत आली. "कोणाला काय हवं?" बाईंनी छताकडे पाहिलं. मावशींनी बाईंकडे पाहिलं, आणि मुलीला म्हणाल्या, "काही नाही गं, घंटा चालते का बघत होतो." गालातल्या गालात हसत होत्या का? असतील.

पाण्याचे पेले बघून बाईंना आधी घोळ वाटला. कोणाचा डाव्या बाजूला, कोणाचा उजव्या. एकाला नळी, एकाला चोच, आणि एक तर चक्क सुतळीने खाटेच्या दांड्याला बांधलेला! "हे काय ध्यान?" बाई म्हणाल्या.

"या काकांचा हात थरथरतो. पेला पडला की हाक मारायला लाजतात. म्हणून दोरी. ओढून घेतात आपला आपण." खाटेवरच्या काकांनी लगेच पेला खाली सोडून, दोरीने वर ओढून दाखवला. विहिरीवर पाणी शेंदावं तसा. चेहऱ्यावर काय तो रुबाब!

नखांना तरी पकडीनच असं बाईंच्या मनात आलं. आणि सापडलं की! सातव्या खाटेवरच्या म्हातारीची नऊ नखं नीट कापलेली आणि करंगळीचं हे एवढं वाढलेलं. "हे राहिलं का?" बाईंनी जिंकल्याच्या सुरात विचारलं.

"राहिलं नाही, ठेवलंय. कान खाजवायला लागतं त्यांना. मी एकदा कापलं तर दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी."

"तीन दिवस," म्हातारी म्हणाली.

मेट्रनबाईंनी आपल्या छोट्या वहीत दहा लिहिले. मग टाच. खुर्चीतूनच वाकून त्यांनी सहाव्या खाटेवर हात घातला. आरपार. आठव्या. आरपार. दहाव्या खाटेवरचा माणूस अंगाने अगडबंब होता, त्याच्या पोटरीखाली दोन उशा. तिथेही हात गेला. चौदा वर्षांनी त्यांचा तळहात पुन्हा त्या ओळखीच्या पोकळीतून फिरत होता. या बाईला त्यांनी शिकवलं नव्हतं, हिने त्यांचं नावही ऐकलं नव्हतं, आणि तरी काम तेच, तसंच, डोळ्यांत तेल घालून केलेलं. आपण गेलो तरी काम गेलं नाही, असं त्यांना वाटलं आणि फार बरं वाटलं.

"बाई," मावशी म्हणाल्या, "तुमचं बघून झालं असेल तर मी एक विचारू?"

"विचार."

"अर्धा तास झाला तुम्हाला येऊन. डावी टाच एकदाही टेकवली नाहीत."

मेट्रनबाईंनी खाली पाहिलं. खुर्चीच्या पायपट्टीवर त्यांचा उजवा पाय सरळ होता आणि डावा बाहेरच्या बाजूला कलता, टाच पट्टीच्या कडेबाहेर काढलेली. दोन महिन्यांची सवय. त्यांच्या स्वतःच्याही लक्षात राहिली नव्हती.

"सवय आहे तशी बसायची," त्या म्हणाल्या.

"असेल. बघू?" मावशी आधीच खाली बसल्या होत्या. पण मोज्याला हात लावला नाही त्यांनी. दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊन करत, बाई हो म्हणायची वाट बघत तशाच थांबल्या.

बाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मुलगा येत नाही ना म्हणून. मग त्यांनी मान हलवली.

मोजा निघाला, पट्टी निघाली. मावशींनी कापूस घेतला. कोमट पाण्याने टाच पुसली, कडा बघितल्या, नाक जवळ नेऊन वास घेतला. "पू नाही. भरून येईल. पण बाई, ही तुम्ही एकट्याच बांधताय ना? गाठ वरच्या बाजूला आलीय. दुसऱ्याने बांधली असती तर कडेला आली असती." एवढं बोलून त्या उठल्या आणि कपाटातून एक छापील कागद घेऊन आल्या. त्यावर माणसाची नुसती आकृती होती, एक पुढून, एक पाठून. कुठे काय जखम आहे तिथे फुली मारायची.

मेट्रनबाईंनी तसल्या हजारो आकृत्यांवर फुल्या तपासल्या होत्या. कागद बघताच त्यांनी मावशींचा हात धरला.

"लिहू नकोस."

"लिहावं लागतं, बाई. राहायला येणाऱ्या माणसाची नोंद असते."

"मला कायदा सांगतेस? मला? चौतीस वर्षं मेट्रन होते मी!" सगळंच बाहेर पडलं. "अगं, माझ्या वॉर्डात एक बेडसोर झाला नाही कधी. आणि ही जखम पोराच्या हाताखाली झालीय. त्याचा काही दोष नाही, मीच टाचेचं सांगायला विसरले. पण त्याला हे कळलं तर तो खचेल. इथे ठेवणारसुद्धा नाही मला, घरी नेऊन रात्रंदिवस उशाशी बसून राहील. तू पट्टी कर, औषध लाव, गुपचूप बरी होईल. तुझ्या नि माझ्यात राहू दे. मी तुला हात जोडते."

आणि खरोखर जोडले हो त्यांनी. ज्या हातांकडे बघून चाळीस नर्सा चळाचळा कापायच्या, ते हात.

मावशींनी ते आपल्या हातात घेतले आणि खाली केले. "लिहिणार, बाई."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते बाईंना त्या दिवशी अगदी अक्षरशः कळलं. "कोण समजतेस गं तू स्वतःला? कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही," मावशी म्हणाल्या. "सहाव्या खाटेवर पूर्वी एक आज्जी होत्या. मोठ्या गोड. त्यांनी मला असंच सांगितलं, मावशी, लेकीला कळू देऊ नकोस. मी म्हटलं, बरं. मी रोज पट्टी करायचे, कागदावर काही नाही. मग माझी भावजय वारली, मी आठ दिवस गावी गेले. माझ्या जागी आली तिला टाचेचं ठाऊकच नव्हतं. कागदावर नव्हतं ना. तिने मोजा कशाला काढावा?" त्यांचा घोगरा आवाज आणखी बसला. "त्या आज्जींचा पाय गेला, बाई. तेव्हापासून मी कोणाचं ऐकत नाही. तुम्ही मेट्रन असा नाहीतर राणीसाहेब असा."

मेट्रनबाईंनी कागदावरच्या आकृतीकडे पाहिलं. हेच वाक्य, थोड्या वेगळ्या शब्दांत, त्यांनी दर वर्षी नव्या मुलींपुढे उभं राहून सांगितलं होतं. दया आली म्हणून नोंद सोडायची नाही. आणि आज ही धुण्याच्या हातांची बाई त्यांच्याच तोंडावर ते सांगत होती, हात जोडले तरी बधत नव्हती. राग कुठे गेला ते कळलंच नाही. उरला तो अभिमान. असा की डोळे भरून आले. आपल्या हाताखाली अशी एक जरी असती, त्यांना वाटलं, तर मी तिला खुर्चीत बसवून स्वतः उभी राहिले असते.

"मार फुली," त्या म्हणाल्या. "डावी टाच. पुढे लिही, घरून आलेली."

मावशी एकेक अक्षर कोरून लिहू लागल्या. 'घरून' लिहून झालं आणि बाईंनी थांबवलं. घरून म्हणजे पोरावर आलं की ते! "त्याच्यापुढे लिही, टाचेखाली उशी ठेवायचं रुग्णाने सांगितलं नाही. जखम रुग्णाने स्वतः लपवली. लिहिलंस? आण इकडे, सही करते."

सहीचा फराटा अजून तसाच होता, मेट्रनच्या थाटाचा. मग मांडीवरच्या वहीतही त्यांनी बेरीज करून खाली एक ओळ खरडली.

तेवढ्यात मुलगा आणि सून आले. मुलाची नजर आधी कागदावर गेली. कागद दिसला की वाचायचा, हा त्याचा धंदाच. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. त्याने उघड्या टाचेकडे पाहिलं आणि तिच्यासमोर फरशीवर बसला.

"मी दर दोन तासांनी उठत होतो, आई."

"माहीत आहे मला."

"कूस, पाठ, कोपर..."

"सगळं केलंस. सांगितलेलं एक चुकवलं नाहीस. टाचेचं मी सांगितलंच नाही."

"तू कशी विसरशील?"

"विसरले!" बाई ओरडल्याच. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अरे, वॉर्डात ते मला कधी सांगावंच लागलं नाही. पाठीला उशी दिली की मुली आपण होऊन पायाशी जायच्या. चौतीस वर्षांत ते वाक्य मी तोंडाने बोललेच नव्हते, मग ते ऐनवेळी तोंडात येणार कुठून? तुला नर्स समजले मी. तू कामच तसं करत होतास. ही माझी चूक आहे, आणि खाली माझी सही आहे. तू उगीच दुसऱ्याच्या प्रूफातली चूक आपल्या अंगावर घेऊ नकोस."

मुलगा रडता रडता हसला. सुनेने नाक पुसलं आणि बाईंच्या मांडीवरची वही उचलली. तिला दुसरं काय करावं ते सुचेना. "आई! चाळीसपैकी चाळीस? तुम्ही तर एकोणचाळीसच्या वर कोणाला जाऊ देत नाही."

"खाली वाच."

खाली वाकड्या अक्षरात होतं: मेट्रन. टाच. दहापैकी एक.

"हा एक कशाचा?"

"नोंद करू दिली त्याचा."

"म्हणजे ग्रेस मार्क," सून म्हणाली.

"तुला काय म्हणायचं ते म्हण. मी नाही दिला. हिने दिला," बाई मावशींकडे बोट करून म्हणाल्या.

निकाल लागला होता, बाई इथेच राहणार होत्या. मावशींनी त्यांना खिडकीजवळच्या पाचव्या खाटेवर घेतलं. स्वच्छ पट्टी बांधली आणि कपाटातून उशी काढली, पण स्वतः न ठेवता मुलाच्या हातात दिली. "पोटरीखाली. आणखी वर. घोट्याला लागू देऊ नका. आता पाय सोडा हळू."

मुलाने पाय सोडला. उशी बरोबर जागी बसली होती. मेट्रनबाईंना उठून बघता येईना. त्यांनी छताकडे डोळे लावले आणि कॉरिडॉर हादरवणाऱ्या जुन्या आवाजात फर्मावलं,

"हात जातो का बघ."

मावशींनी टाचेखालून तळहात सरकवला. "जातो, बाई. आरपार."

"मग तेही लिही त्या कागदावर. पोटरीखाली उशी दिली."

"कोणी दिली म्हणून लिहू?"

बाईंनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. मानेच्या पट्ट्यावर घाम, डोळे लाल, हात अजून उशीवरच.

"मुलाने लिही," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात."